थंडीचा आवाज आणि बिघाडाचा आवाज

सोलापुरात, आणि तेही वसंत व्याख्यानमालेत, कडाक्याच्या थंडीवर बोलावयाचे म्हणजे भर उन्हात शेकोटी पेटविण्यासारखे आहे. दिवसभर तापलेल्या फरश्या रात्री आठ वाजतादेखील पायाला चटका देतात. अशा वेळी शून्याखालच्या हवेत मोटारगाडी कोणकोणते आवाज करते, हा विषय आम्ही का निवडला, असे पुष्कळांना वाटेल. आपल्याकडे थंडी म्हणजे डिसेंबर-जानेवारीत पारा पंधरा अंशांच्या आसपास, एखाद्या वर्षी फार तर दहाच्या जवळ. सोलापुरी चादर एक पुरते, दोन लागत नाहीत.

परंतु आपण थंडीकडे गेलो नाही तरी आपल्या गाड्या जातात. आपल्या गावावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५२ उत्तरेकडे धरला, की तुळजापूर, बीड, छत्रपती संभाजीनगर, धुळे, इंदूर, कोटा, जयपूर असे करीत तो सीकर, फतेहपूर, चुरू या राजस्थानच्या वाळूच्या पट्ट्यात शिरतो आणि हिस्सारवरून पंजाबातील संगरूरला पोचतो. ज्या चुरूत जून २०१९ मध्ये पारा पन्नास अंशांच्या वर गेला होता, त्याच चुरूत आणि शेजारच्या फतेहपुरात ऐन हिवाळ्यात तो शून्याखाली उतरतो. आपल्या जिल्ह्याच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आपणां सर्वांना अभिमान आहे. पण सांगोल्याचे डाळिंब उत्तरेच्या बाजारात जाते ते कोणाच्या तरी ट्रकमधून, आणि तो ट्रक पहाटे चार वाजता एखाद्या ढाब्यासमोर गारठलेल्या अवस्थेत कोणीतरी चालू करीत असतो, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही.

मोटार कामगारांमध्ये काम करताना आमच्याकडे दरवर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास एका विशिष्ट प्रकारच्या तक्रारी येतात. हिवाळ्यात उत्तरेकडे गाडी नेली, वाटेत आवाज येऊ लागला, मालकाला फोन केला. मालक म्हणाला, "थंडी आहे म्हणून होतंय, चालव." पुढे गाडी मोडली. मोडल्यावर तोच मालक म्हणतो, "तू नीट चालविली नाहीस." म्हणजे आवाज असतो तोवर दोष थंडीचा आणि खर्च आला की दोष ड्रायव्हरचा. या दोहोंच्या मध्ये यंत्र नावाची एक वस्तू आहे, आणि ती स्वतः काही सांगत असते, हे कोणी विचारातच घेत नाही. म्हणून थंडीने होणारा आवाज कोणता आणि बिघाडाने होणारा कोणता, हे ओळखता येते की नाही, याचा आम्ही मिस्त्री लोकांच्या पायाशी बसून आणि मिळतील ती पुस्तके वाचून थोडाफार अभ्यास केला. ओळखता येते, असे आमचे मत झाले आहे.

सोलापूरकरांना हे पटविणे अवघड जाऊ नये. पूर्व भागातील घरांत माग चालू असताना तान्ही मुले शांत झोपतात, आणि माग थांबला की घरातली म्हातारी जागी होते. गिरणीतला जुना जॉबर दोन रांगांपलीकडच्या मागाचा धोटा नीट जात नाही, हे पाठ फिरवून उभा असताना सांगत असे. शेकडो मागांच्या खडखडाटात त्याला एकच माग वेगळा ऐकू येई. याचे कारण असे, की कानाला मोठ्या आवाजाची सवय होते, पण बदललेल्या आवाजाची होत नाही. ड्रायव्हरचे तेच आहे. ज्या गाडीत तो दिवसाचे दहा-बारा तास बसतो, तिच्यात पडलेला फरक त्याला सर्वांच्या आधी कळतो. मालकाला तो कळत नाही, कारण मालक गाडी आठवड्यातून एकदा, तीही उभी असलेली, पाहतो.

आता थंडी यंत्राला नेमके काय करते, ते पाहू. पहिली गोष्ट म्हणजे धातू आकसतो. पण सगळे धातू सारखे आकसत नाहीत, आणि गोम इथेच आहे. इंजिनाचा पिस्टन बहुधा अ‍ॅल्युमिनियमचा असतो आणि ज्या नळकांड्यात तो वरखाली होतो, ते ओतीव लोखंडाचे. अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या सुमारे दुप्पट आकसते. पिस्टनचा व्यास १०० मिलिमीटर धरला आणि तापमान शंभर अंशांनी उतरले, तर पिस्टन साधारण ०.२३ मिलिमीटरने लहान होतो व नळकांडे ०.११ मिलिमीटरने. दोहोंमधली फट वहीच्या एका पानाएवढी वाढते. एवढ्याने काय होते, असे वाटेल. पण तो पिस्टन मिनिटाला शेकडो वेळा दिशा बदलतो, आणि प्रत्येक वेळी त्या पानभर फटीत कलंडून नळकांड्याच्या भिंतीवर आपटतो. त्याचा कोरडा, पोकळ "टप्‌टप्‌" असा आवाज येतो. पाच-दहा मिनिटांत पिस्टन तापला, फुगला, फट भरली, की आवाज विरतो. हा खरा थंडीचा आवाज. तो दर हिवाळ्यात सारखाच येत असेल तर भिण्याचे कारण नाही. मागच्या हिवाळ्यात एका मिनिटात विरणारा आवाज या हिवाळ्यात वीस मिनिटे टिकत असेल, तर मात्र नळकांडे किंवा पिस्टन झिजत आले आहेत, असे समजावे.

दुसरी गोष्ट तेलाची. आपल्याकडे थंडीत खोबरेल तेलाची बाटली थिजते, तसेच काहीसे इंजिन-तेलाचे होते. फरक एवढाच, की ते एकदम गोठत नाही, पाकासारखे घट्ट होत जाते. डब्यावर १५ डब्ल्यू ४० किंवा २० डब्ल्यू ५० असे लिहिलेले असते. त्यातला "डब्ल्यू" हा हिवाळ्याचा आहे. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितके ते तेल थंडीत अधिक पातळ राहते. १५ च्या तेलाची गारठ्यात इंजिन फिरविण्याची परीक्षा उणे २० अंशांवर घेतात, २० च्या तेलाची उणे १५ वर आणि शून्याच्या तेलाची थेट उणे ३५ वर. म्हणजे फतेहपूरच्या थंडीला आपले नेहमीचे तेल पुरते. लडाखला कदाचित पुरणार नाही. तेल घट्ट असताना पंप ते खालून ओढतो, पण ते इंजिनाच्या माथ्यावर, टॅपेटांपर्यंत पोचावयास काही क्षण लागतात. तेवढा वेळ वरून शिवणयंत्रासारखी बारीक "टिक्‌टिक्‌" येते. काही सेकंदांत, फार तर मिनिटा-दोन मिनिटांत ती थांबली पाहिजे. त्या वेळात रेस मारणे म्हणजे कोरड्या सांध्यावर पळावयास लावणे होय. आमच्या पाहण्यातले पुष्कळ तरुण ड्रायव्हर सकाळी गाडी चालू होताच "गरम करावयाची" म्हणून जोरजोरात रेस देतात. ते थांबविले पाहिजे. आजच्या गाडीला अर्धा-एक मिनिट उभी ठेवून मग पहिले काही मैल हळू चालविणे पुरते. फार कडक थंडीत चार-पाच मिनिटे द्यावीत. आणि ही चार-पाच मिनिटे वेळापत्रकात धरलेली असली पाहिजेत, हे मालकांनाही सांगावयास हवे. माल पोचविण्याची घटका ठरविणाऱ्या माणसाने सकाळच्या गारठ्याचा हिशेब केलेला आम्ही अजून पाहिला नाही.

डिझेलच्या इंजिनाची गोष्ट थोडी निराळी आहे. पेट्रोलच्या गाडीत ठिणगी पाडावी लागते. डिझेलमध्ये हवा सोळा-सतरा पट दाबून इतकी तापवितात की तेल आपोआप पेट घेते. हवाच मुळी गार असली आणि भोवतालचे लोखंडही गार, तर तेल पेटावयास जरा उशीर होतो. तोवर आणखी तेल आत येते आणि सगळे मिळून एकदम भडकते. त्याचा धक्का म्हणजे सकाळची ती खडखड. बरोबर पांढरा धूर असतो, तो न जळलेल्या तेलाचा. इंजिन तापले की दोन्ही थांबतात. न थांबले, किंवा एकाच नळकांड्याची खडखड उरली, तर पिचकारी, म्हणजे इंजेक्टर, तपासावा.

याहून वाईट म्हणजे डिझेलमध्ये मुळातच थोडे मेण असते. थंडीत त्याचे कण बनतात आणि फिल्टरात अडकतात. गाडी चालू होते, मैल-दोन मैल जाते, मग धाप लागल्यासारखी करीत दम तोडते. हा आवाज ज्याने एकदा ऐकला तो विसरत नाही. लडाखमध्ये तर ही नित्याची अडचण. म्हणून नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑईलने तेथे खास हिवाळी डिझेल आणले, ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहते. त्यापूर्वी आणि अजूनही कित्येक ठिकाणी ड्रायव्हर टाकीखाली जाळ करतात. १९६० साली सीमा सडक संघटना स्थापन झाली, तेव्हापासून त्या पहाडी रस्त्यांवर आणि फौजेच्या गाड्यांवर आपल्या सोलापूर-सातारकडच्या मुलांनीही नोकऱ्या केल्या आहेत. रात्री ठराविक वेळाने उठून इंजिन चालू करणे, सकाळी टाकीला शेक देणे, हे सुटीवर आलेल्या जवानांकडून पुष्कळांनी ऐकले असेल. सामान्य ट्रकवाल्याने मात्र उघड्या जाळाच्या भानगडीत पडू नये. गाडी रात्री वाऱ्याच्या आडोशाला लावावी आणि थंड प्रदेशात शिरल्यावर तिथल्याच पंपावर टाकी भरावी. तेथे विकले जाणारे हिवाळ्यातले डिझेल आपल्याकडच्या उन्हाळी डिझेलपेक्षा कमी तापमानापर्यंत वाहते राहते.

बॅटरीचे आवाज ओळखणे सर्वांत सोपे. बॅटरीत वीज निर्माण होते ती रसायनांमुळे, आणि थंडीत रसायने मंदावतात. शून्य अंशाला तिची ताकद दोन-तृतीयांशाच्या आसपास येते, उणे अठराला जवळजवळ निम्मी. त्याच वेळी तेल घट्ट झाल्यामुळे इंजिन फिरवावयास अधिक जोर लागतो. सेल्फ मारल्यावर भराभर "टक्‌टक्‌टक्‌टक्‌" असे झाले तर बॅटरी अशक्त आहे किंवा तिच्या टोकांवर पांढरी बुरशी चढली आहे; ती गरम पाण्याने धुवून आवळली तरी पुष्कळदा काम भागते. एकच जड "टक्‌" होऊन शांतता पसरली, तर सेल्फच अडकला असण्याचा संभव अधिक. भरलेली बॅटरी उणे पन्नासलाही गोठत नाही, पण पुरती उतरलेली बॅटरी उणे दहाच्या सुमारास गोठू शकते. गोठलेल्या बॅटरीला दुसऱ्या गाडीची वीज जोडू नये, ती फुटते.

जुन्या माणसांना चोक ओढून गाडी चालू करणे आठवत असेल. आपल्याच गावी १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली, आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे जी फियाट, म्हणजेच पद्मिनी, निघाली, तिला थंड सकाळी चोक द्यावा लागे. चोक म्हणजे हवा कमी, पेट्रोल जास्त. मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची गेली. आजच्या गाडीत ते काम एक लहानसा संगणक करतो, म्हणून थंड सकाळी गाडी सुरू होताच आपोआप जास्त वेगाने घोंघावते आणि थोड्या वेळाने खाली येते. हा बिघाड नव्हे. पुष्कळ लोक यासाठी गॅरेजमध्ये जातात आणि नको ते पैसे देऊन येतात.

रबराचे आवाज अनेक आहेत. त्यांवर फार वेळ घालवीत नाही. गारठलेला फॅन बेल्ट सकाळी किंचाळतो, कारण रबर कडक झालेले असते आणि सेल्फने खर्च केलेली वीज भरून काढण्यासाठी डायनामो जड फिरत असतो. मिनिटभरात थांबला तर ठीक. थांबत नसेल तर मिस्त्री दुरून, हात व बाह्या सांभाळून, बेल्टच्या आतल्या बाजूवर पाण्याचा शिडकावा करतो. आवाज वाढला तर बेल्ट सैल आहे. क्षणभर थांबून पुन्हा आला तर पुल्या एका रेषेत नाहीत. पाट्यांचे आणि बुशांचे करकरणे, गार तेलामुळे स्टिअरिंगचे कण्हणे, हे सर्व दोन-चार मैलांत मऊ पडते. रात्रभर वजनाखाली उभ्या राहिलेल्या नायलॉनच्या टायरला खालून सपाट बूड येते आणि सकाळी "धप्‌धप्‌" होते. टायर तापून गोल झाला की जाते. गेले नाही तर थांबून टायर हाताने चाचपावा, आत तार तुटून फुगवटा आलेला असू शकतो. कारच्या टायरमधली हवा पारा पाच-सहा अंश उतरला की पौंडभर कमी होते, तेव्हा सोलापुरात भरलेली हवा चुरूला पुरेशी असेलच असे नाही.

आतापर्यंत सांगितलेले बहुतेक आवाज उबेने जाणारे आहेत. तेवढ्यावरून, जो उबेने जातो तो निरुपद्रवी, असा नियम कोणी करू नये. धुराच्या नळीचा जोड सैल झाला असेल तर गार असताना "फट्‌फट्‌" असा बारीक आवाज येतो, आणि लोखंड तापून फुगले की ती फट मिटते व आवाज बंद होतो. ड्रायव्हर म्हणतो, गेला. पण रात्री तीच नळी पुन्हा गार होऊन उघडते. थंडीमुळे काचा बंद, ड्रायव्हर आणि क्लीनर आत झोपलेले, ऊब राहावी म्हणून इंजिन चालू. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नाही, रंग नाही. झोपलेला माणूस उठतच नाही. केबिनमध्ये कोळशाची शेगडी ठेवणे हे तर त्याहून घातक. हिवाळ्यात उत्तरेकडे जाणाऱ्या प्रत्येक माणसाला आम्ही हे दोनदा सांगतो: आत निजावयाचे तर इंजिन बंद, शेगडी बाहेर, आणि काच दोन बोटे खाली. घोंगडी जास्त घ्या.

ब्रेकचेही तसेच. दंवाने रात्रीत गंज चढतो, तो पहिल्या दोन-चार ब्रेकांत खरवडून निघतो, त्याचा खर्रखर्र आवाज येतो. नंतरही लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज राहिला तर लायनर संपले. हवेच्या ब्रेकच्या टाकीत पाणी साठते. ते शून्याखाली गोठून झडप अडवते. टाकीचा नळ रोज उघडून पाणी काढणे हा मिनिटभराचा उद्योग आहे. गाडी उभी असताना बारीक "सुस्स" येत राहिले तर हवा गळते आहे, आणि अशी गाडी घाटात घालणे हा गुन्हा समजावा. चाकाच्या बेअरिंगचा आवाज घरघर असतो, तो इंजिनाच्या नव्हे, रस्त्यावरच्या वेगाबरोबर वाढतो. डावीकडे वळताना वाढला तर उजव्या बाजूचे चाक पाहावे, कारण वळताना वजन तिकडे जाते.

आणि आता तो आवाज, ज्याच्यामुळे खरे भांडण होते. क्रँकला पिस्टनशी जोडणाऱ्या दांड्याच्या तळाशी बेअरिंग असते. ते झिजले की खोल, जड "ठक्‌ठक्‌" येते, कोणी आतून हातोडी मारावी तशी. त्याची खूण अशी, की थंड असताना घट्ट तेलाची गादी ती फट भरून काढते, म्हणून आवाज दबलेला असतो. गाडी तापली, तेल पातळ झाले, की तो वाढतो. पिस्टनचा थंडीचा आवाज बरोबर याच्या उलट. म्हणून आवाज आला की पहिला प्रश्न हा विचारावा: उबेने कमी होतो की वाढतो? वाढणारा आवाज थंडीच्या माथी मारता येत नाही.

तीन वर्षांपूर्वी पंढरपूर भागातला एक ड्रायव्हर डाळिंबाचे खोके घेऊन हिस्सारकडे निघाला होता. सीकर सोडल्यावर रात्री ढाब्यावर मुक्काम केला. सकाळी इंजिन चालू करताच खालून बारीक ठोका ऐकू आला. त्याने मालकाला फोन लावला. मालक म्हणाला, "तिकडं थंडी हाय म्हटल्यावर आवाज येणारच की. माल सडंल, चल पुढं." हा गडी बोलण्यात कच्चा, पण डोक्याने शाबूत. त्याने बोनेटजवळ मोबाईल धरून अर्धा मिनिट आवाज मुद्रित केला आणि मालकाला पाठविला. चाळीस मैल गेल्यावर थांबून, गाडी तापलेली असताना, त्याच जागी फोन धरून पुन्हा अर्धा मिनिट घेतला आणि तोही पाठविला. खाली लिहिले, "मालक आवाज वाढलाय." उत्तर आले नाही. त्याच दिवशी दुपारी दांडा तुटून इंजिनाच्या कुशीतून बाहेर आला.

माल दुसऱ्या गाडीत भरून गेला. इंजिनाचा खर्च मोठा होता. मालकाने तो ड्रायव्हरच्या पगारातून दर महिन्याला कापावयाचे ठरविले. म्हणणे असे, की तेल न पाहता गाडी चालविली. ड्रायव्हर आमच्याकडे आला तो बायकोला घेऊन, कारण घरात दोन मुलींच्या शाळेचा प्रश्न होता आणि तिला वाटत होते की हा काहीतरी लपवितो आहे. बैठक बसली, तेव्हा आम्ही भाषण केले नाही. दोन्ही बाजूंना मान्य असा एक म्हातारा डिझेल मिस्त्री बोलाविला आणि त्याला दोन्ही आवाज ऐकविले, कोणता आधीचा हे न सांगता. त्याने डोळे मिटून ऐकले. पहिल्याला म्हणाला, "गार हाय." दुसऱ्याला म्हणाला, "ही तापल्याली. तिसऱ्या नाहीतर चौथ्या नळकांड्याचं बेअरिंग गेलंय. ही सकाळीच उभी करायला पायजे हुती." मालक काही वेळ गप्प बसला. मग त्याने विचारले, "थंडीनं न्हाई म्हणता?" मिस्त्री म्हणाला, "थंडीनं वाजलं असतं तर तापल्यावर गप झालं असतं." कपात रद्द झाली. मालक वाईट माणूस होता असे नाही; त्याच्यावरही कर्जाचे हप्ते होते. पण त्या हप्त्यांचा भार त्याने एका आवाजावर आणि मग एका माणसावर टाकला होता.

येथे कायद्याचा एक बारकावा सांगितला पाहिजे. नुकसानीपोटी पगार कापावयाचा तर ते नुकसान कामगाराच्या हयगयीमुळे वा कसुरीमुळे झालेले असले पाहिजे आणि कापण्यापूर्वी त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे, असे १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात होते. २०१९ च्या वेतन संहितेने तो कायदा आपल्यात सामावून घेतला, तरी हे तत्त्व तिच्यातही ठेवले आहे. परंतु म्हणणे मांडावयाचे तर हातात काही असावे लागते. "आवाज येत होता" एवढे म्हणणे पुरत नाही. कसला, केव्हा, किती वेळ, कशाने वाढणारा, हे सांगता आले पाहिजे. डॉक्टरपुढे "बरं वाटत नाही" एवढेच म्हणून थांबणाऱ्या रोग्याचे निदान जितके होईल, तितकेच त्या गाडीचे होते.

१८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक नावाच्या डॉक्टरने कागदाची सुरळी करून ती रोग्याच्या छातीला लावली आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्मला. आपला मिस्त्री लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावतो, ती त्याच विद्येची दुसरी शाखा. हा प्रयोग ड्रायव्हरलाही करता येतो, मात्र पंखा आणि बेल्टपासून दूर राहून, गळ्यातला रुमाल काढून ठेवून. जेथे आवाज सर्वांत स्पष्ट ऐकू येईल तेथे बिघाड जवळ आहे. जुन्या डिझेल गाडीत मिस्त्री एकेका नळकांड्याची तेलाची नळी सैल करून ठोका कोणत्या नळकांड्याचा ते शोधीत असे. नव्या गाडीत हे कोणीही करू नये. तिच्या नळीतल्या तेलाचा दाब वातावरणाच्या हजार पटींहून अधिक असतो, ते तेल कातडी भेदून आत शिरते आणि हात गमावण्याची पाळी येते.

या हिवाळ्यापासून आम्ही उत्तरेकडे जाणाऱ्या ड्रायव्हरांना एक साधा तक्ता देऊ लागलो आहोत. त्यात तारीख, गाव आणि थंडी किती, हे वर. खाली आवाज कोठून येतो, इंजिनाच्या वेगाबरोबर बदलतो की रस्त्याच्या, ब्रेक वा वळणाने बदलतो का, आणि तापल्यावर कमी होतो की वाढतो. पुष्कळांनी सांगितले, की लिहावयास वेळ नसतो आणि अक्षरही बरे नाही. त्यांच्यासाठी मोबाईलची रीत ठरविली. सकाळी गाडी चालू करताच अर्धा मिनिट, तापल्यावर त्याच जागी पुन्हा अर्धा मिनिट. आधी तोंडाने गावाचे नाव व वेळ सांगावी, मग गप्प राहावे. फोन पंख्याच्या वाऱ्यात धरू नये, नाहीतर नुसती घोंघों येते. दोन्ही आवाज मालकाला पाठवावेत आणि स्वतःजवळही ठेवावेत, फोन भरला म्हणून पुसू नयेत. गेल्या महिन्यात एका ड्रायव्हरने ते जागा नाही म्हणून पुसले आणि मुलाच्या बारशाची चित्रे ठेवली. त्याला आता आम्ही काय म्हणणार? त्याच्या गाडीचे काम अजून गॅरेजात चालू आहे, आणि कपातीच्या पत्राला उत्तर द्यावयाचे आहे. सोबतच्या क्लीनरनेही तो आवाज ऐकला होता. तो करमाळ्याकडे गावी गेला आहे, परत आला की त्याचा जबाब घ्यावयाचा आहे.